पत्रास कारण की

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की
मंगळवारच्या अंकात, पान सहा,
एलादिओ बुर्गेन्यो वारल्याची तुमची बातमी
मी दोनदा वाचली,
मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

आधीच सांगते, मी त्याची कोणी नाही.
बूट शिवते. धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
संत्र्यांच्या वखारीला लागून दुकान आहे.
वर्षातून दोनदा तो यायचा, टाचा बदलायला.
एवढ्याला मैत्री म्हणत नाहीत.
ओळख म्हणतात. आणि ओळखीच्या माणसाबद्दल
नऊ ओळींत पाच चुका
म्हणजे जरा जास्तच होतात.

वय एकाहत्तर नव्हे, अडुसष्ट.
आडनावात तुम्ही एक अक्षर गाळलंत;
त्याला सवय होती, मला नाही.
फोटोत टोपी घालून हसतो आहे तो फाउस्तो, वल्हं मारणारा.
एलादिओचं त्यात फक्त कोपर आलंय, उजवीकडे, कापलेलं.
कोपर मात्र त्याचंच. बाहीला चामड्याचं ठिगळ आहे ना,
ते मी लावलं होतं, पैसे न घेता.
(हे छापू नये.)

आता पुराचं.
तुम्ही लिहिता, त्या रात्री त्याने उरुग्वाय नदीत उड्या घेतल्या
आणि अकरा जीव वाचवले.
संपादक महाशय, त्याला पोहता येत नव्हतं.
पाण्याला तो इतका भ्यायचा की
पुलावरून जाताना रस्त्याच्या मधोमध चालायचा,
मागे ट्रक भोंगे वाजवत.
त्या रात्री तो होडीत गुडघ्यांवर बसला होता,
एका हाताने कड गच्च धरून,
आणि छपरांकडे बघत नावं पुकारत होता.
गल्लीतल्या एकेकाचं नाव. कुत्र्यांचीसुद्धा.
ज्यांनी ओ दिली त्यांना फाउस्तोने वर ओढलं:
चार माणसं, एक शिवणयंत्र
आणि ओलिंपियाबाईंची कोंबडी,
जी त्याच आठवड्यात त्यांनी शिजवली.

अकरा नव्हेत. चार.
शाळेत दरवर्षी त्याला भाषणाला बोलवायचे.
तो उभा राहायचा, म्हणायचा, "चार",
आणि खाली बसायचा.

एका नावाला ओ आली नव्हती.
ते नाव तो एकदाच बोलला, माझ्या दुकानात,
बूट माझ्या हातात, तो नुसत्या मोज्यांवर.
ते छापू नये म्हणून
मी इथे लिहीतच नाही.
पण तुम्ही अकरा लिहिलंत
आणि ते पाचवंही त्यात
फुकट तरून गेलं.

शेवटची चूक: "मागे कोणी नाही."
इथे मी दोन कागद फाडले.
तुमचं बरोबरच असेल. बायको नाही, मूल नाही,
मातेचा प्यालासुद्धा एकट्यापुरता.
पण माझ्या फळीवर दोनशे चौदा नंबरची चिठ्ठी बांधलेला
एक तपकिरी जोड आहे.
डावी टाच नेहमीसारखी आधी झिजलेली,
उजवी अजून महिनाभर सहज चालली असती.
याला "मागे" म्हणतात की नाही
ते तुमच्याकडचे जाणकार ठरवतील.

दुरुस्ती बारीक टाइपात छापलीत तरी चालेल,
शेवटच्या पानावर, गुरांच्या भावांखाली.
तो पेपर तिथूनच उलटा वाचायला घ्यायचा.

कळावे. लोभ असावा असं लिहायची रीत आहे;
मला गाळलेलं ते एक अक्षर परत मिळालं तरी पुरे.

नेलिदा ओतामेन्दी

ता.क.
टाचा काल रात्री बसवून टाकल्या.
दोन्ही.